साखरेचं बोट

शिरूरला आमच्या शाळेत तळमजल्यावर, मुतारीच्या अलीकडे, एक खोली आहे. दारावर पितळी पाटी आहे: 'वाचा-विकास कक्ष'. त्याखाली उद्घाटकांचं नाव, मग अध्यक्षांचं, मग सचिवांचं, मग देणगी देणाऱ्या कंपनीच्या साहेबांचं. ते जर्मन असल्यामुळे दोन चुकांसह. सगळ्यांत शेवटी, पितळ संपत आल्यावर, बारीक अक्षरांत: 'मार्गदर्शक : श्रीमती र. भि. साळवे'. आत आता क्रिकेटचे पॅड आहेत, स्नेहसंमेलनाच्या फेट्यांची ट्रंक आहे आणि एका खोक्यात कान तुटलेले हेडफोन आहेत. मी याच शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालो. पेन्शनच्या कामासाठी गेलो की पाटी पाहून येतो. शिपाई ती दर पंधरा ऑगस्टला चिंचेनं घासतो, त्यामुळे नावं पुसट होत चालली आहेत. सुरुवात बारीक अक्षरांपासून झाली आहे.

साळवे बाई मराठी शिकवायच्या. दौंडच्या. वडील रेल्वेत पॉइंट्समन होते आणि बाईंचं सगळं बालपण रुळांच्या शेजारी गेलं. किरकोळ बांधा, इस्त्रीची साडी, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला. बोलणाऱ्याच्या डोळ्यांकडे त्या कधी पाहायच्या नाहीत, तोंडाकडे पाहायच्या. नवा माणूस चमकून मिशीवरून हात फिरवायचा, काही सांडलं की काय म्हणून. आमच्या संस्थेचे अध्यक्ष दादासाहेब भाषणाला उभे राहिले की सगळे शिक्षक जमिनीकडे बघत बसत. बाई मात्र एकटक त्यांच्या ओठांकडे पाहत. दादासाहेबांना वाटायचं, चला, एकीला तरी आपलं म्हणणं पटतंय. एकदा भाषण संपल्यावर मी विचारलं, "काय सांगितलं हो एवढं?"

"ते मला विचारू नका सर," बाई म्हणाल्या. "पण त्यांना पुढच्या दातांची कवळी बसवलीय. 'स'ला शीळ येते."

वर्गात त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं. मुलं शब्दाचं शेवटचं अक्षर गिळतात, आपल्या भागात तर जास्तच. बाई म्हणायच्या, "गाडी फलाटाला लागेपर्यंत इंजिन बंद करायचं नाही." मग पोरगं तो शब्द पुन्हा म्हणायचं, शेवटपर्यंत.

घरी त्या स्वतः 'हाय', 'न्हाई', 'कवा' असंच बोलत. त्याची लाज त्यांना नव्हती. 'पानी' म्हणणाऱ्या पोराला त्यांनी कधी हसू दिलं नाही. पण दुसरं बोलणंही आलंच पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. डी.एड.ला असताना एका प्राध्यापिकेनं त्यांना बाकावर उभं करून 'आणि' म्हणायला लावलं होतं, आणि दरवेळी वर्ग हसला होता. "मुलाखतीला गेलं की आधी आपलं तोंड ऐकतात, सर. जात त्यांना तिथंच कळते. अर्ज मागाहून वाचतात," असं त्या सांगत, आणि हे सांगताना आवाज चढवत नसत.

त्यांना एकच गोष्ट हवी होती. एक खोली. फार मोठी नको, रंगीत नको. दार बंद होणारी हवी. जी पोरं बोबडी बोलतात, अडखळतात, जी 'ळ' म्हणायला गेली की वर्ग हसतो, अशांना शाळा सुटल्यावर तासभर तिथं बसवायचं. "चुकताना कुणी बघायला नको," त्या म्हणायच्या. "पोराला चुकायला जागाच नाही, सर. घरी मारतात, वर्गात हसतात. चुकायचं कुठं?" दरवर्षी जूनमध्ये त्या या खोलीसाठी अर्ज द्यायच्या. संस्थेकडे जागा नव्हती. त्या काळात संस्थेनं दोन मंगल कार्यालयं बांधली.

नव्वदचं दशक सरता सरता रांजणगावच्या एमआयडीसीत एक जर्मन कंपनी आली. मशिनरी तिच्याच झेक कारखान्यातून उतरली आणि तिच्याबरोबर ती जोडणारी माणसंही. एक दिवस क्रेनवरून लाकडी खोकं खाली येत होतं. ऑपरेटर जिवाच्या आकांतानं ओरडला, "सरका! ओ सायेब, सरका की!" खाली उभ्या असलेल्या झेक इंजिनियरनं हसून वर हात हलवला. खोकं त्याच्यापासून वीतभर अंतरावर टेकलं. दुसऱ्या दिवशी प्लांटच्या मुख्य साहेबांनी, क्लाउस त्यांचं नाव, हुकूम काढला: इथं राहणाऱ्या प्रत्येक परदेशी माणसानं मराठी शिकायची. पुण्याच्या ऑफिसनं सुचवलं की हिंदी बरी. साहेब म्हणाले, "वरून खोकं पडताना माणूस ज्या भाषेत ओरडतो, ती शिकवा."

अशी विनंती आमच्या शाळेकडे आली. दादासाहेबांनी साळवे बाईंना दिलं, कारण बाकीच्या मराठी शिक्षकांनी आधी मानधन विचारलं होतं. इंग्रजीतून दुभाषेगिरी करायला मी. आठवड्यातून तीन दिवस कंपनीची जीप आम्हाला न्यायची आणि कँटीनच्या मागच्या खोलीत वर्ग भरायचा. जर्मन येत-जात राहिले. शेवटपर्यंत टिकले दोघंच: क्लाउस साहेब, आणि खोक्याखाली हात हलवणारा तो झेक, यिर्झी. कामगार त्याला जिरेसाहेब म्हणायचे.

पहिल्याच दिवशी बाईंनी पुस्तक उघडलं नाही. सकाळच्या पेपराच्या दोन पट्ट्या फाडल्या आणि दोघांच्या तोंडांसमोर एकेक धरली. "'काम' म्हणा." साहेब म्हणाले, "खाम." पट्टी उडाली. "पाणी." पट्टी पुन्हा उडाली. जर्मनांची फुंकर शब्दाच्या आधीच निघते. मग यिर्झीची पाळी. "'खा' म्हणा." तो म्हणाला, "का." पट्टी हलेना. "फळ, थांब, छान." पट्टी ढिम्म. बाईंनी दोघांना समोरासमोर बसवलं. एकाचा कागद थांबत नव्हता, दुसऱ्याचा हलत नव्हता, आणि दोघंही घामाघूम झाले होते. बाई माझ्याकडे वळून म्हणाल्या, "यांना एकत्र उकळलं तर एक मराठी माणूस निघेल."

कारखान्यातल्या पोरांना तेवढं निमित्त पुरलं. साहेब मशिनांपाशी आले की "खाम झालं?" विचारत आणि पोरं गंभीर तोंडानं सांगत, "व्हय सायेब, खाम झालं." एका जागी बरीच हसाहस चालली असताना बाई अचानक तिथं गेल्या. "हसताय ना? मग त्यांच्या भाषेचं नाव, 'डॉइच', म्हणून दाखवा. शेवटपर्यंत." कुणी पुढं आलं नाही.

दोघांचीही आणखी एक खोड सारखीच होती. शब्द संपता संपता घसा बंद करायचे. 'बाग'चं 'बाक' व्हायचं, 'सांग'चं 'सांक'. बाईंनी रेल्वेचं वाक्य काढलं. ते मी इंग्रजीत सांगितल्यावर साहेबांनी बोट गळ्यावर ठेवलं आणि 'बाग'मधलं इंजिन फलाटापर्यंत नेलं. दौंडच्या पॉइंट्समनचं वाक्य जर्मनीला कामी आलं, असं मी म्हणालो. बाई हसल्या नाहीत. अप्पांची, म्हणजे वडिलांची, थट्टा त्यांना चालायची नाही.

अडलं ते 'ळ'वर. बाईंना ते 'फ्राउ साल्वे' म्हणायचे, आणि बाईंचं म्हणणं की माझं नाव आलं की पुढचं. जीभ कुठं न्यायची हे बाई आपलं तोंड उघडून दाखवत, चित्र काढत, हाताची ओंजळ टाळूसारखी पालथी धरत. दोघांची जीभ दातांमागून वर सरकेना. एका संध्याकाळी बाईंनी खडू खाली ठेवला. मग पर्समधून एक जुनी पितळी डबी काढली, काजळाची. आत पिठीसाखर होती.

"सर, यांना विचारा," त्या म्हणाल्या. "टाळूला बोटानं साखर लावली तर चालेल का?"

मी विचारलं. साहेबांनी विचारलं, "बोट धुतलंय का?"

"धुतलंय," बाई म्हणाल्या, आणि तरी उठून बेसिनवर साबणानं पुन्हा धुऊन आल्या.

"मग?" असं म्हणून साहेबांनी तोंड उघडलं. बाईंनी टाळूच्या घुमटावर नेमकी जिथं हवी तिथं साखरेची टिकली लावली. जीभ साखर शोधत मागं वळली, चाटून खाली आली, आणि त्या खाली येण्यात 'ळ' झाला. साहेबांना स्वतःलाच विश्वास बसेना. यिर्झी आ करून रांगेत उभाच होता. त्या दिवशी साळवे बाईंचं नाव पहिल्यांदा दोन परदेशी तोंडांतून पुरं बाहेर आलं.

जीपनं कारेगाव मागं टाकलं तेव्हा बाई डबी पदरानं पुसत होत्या. मग म्हणाल्या, "एवढाच प्रश्न होता, सर. बोट धुतलंय का."

मी म्हटलं, "ही युक्ती शाळेत कधी पाहिली नाही."

"नाही पाहिली," त्या म्हणाल्या, आणि पहिल्या नेमणुकीची गोष्ट सांगितली. तालुक्यातलंच एक गाव. दुसरीत एक मुलगी, नाव कमळ. तिला स्वतःचं नाव येत नव्हतं, 'कमय' म्हणायची. बाईंनी साखर लावायला सुरुवात केली. चारेक दिवसांत पोरगी 'कमळ' म्हणाली आणि तेच ओरडत गल्लीतून घरापर्यंत पळत गेली. घरी विचारलं, कसं गं आलं? तिनं सांगितलं. सकाळी शाळेत तिचे आजोबा आले, बरोबर गावातले दोघं.

"बाई, तुमी शिकवा. तुमच्या शिकवन्याला आमचं काय म्हननं न्हाई. पन तोंडात बोट कशापायी?"

"आबा, साखर हाय ती."

"साखर आमच्या घरी बी हाय."

एवढंच बोलणं झालं. कुणी आवाज चढवला नाही, चहासुद्धा मागवला. बाईंनी तो घेतला नाही. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली, विनंतीवरून. विनंती कुणाची हे कागदावर नव्हतं.

"आणि ती मुलगी?" मी विचारलं.

"तिला चूळ भरायला लावली. कशानं ते विचारू नका. जायच्या दिवशी मी हजेरी घेतली. तिनं 'कमय' सांगितलं. येत होतं तिला, सर. मुद्दाम तसं सांगितलं." बाईंनी पर्सची चेन लावली. "तेव्हापासून शाळेत आरसा, कागद, नळी. डबी नाही."

यिर्झीला एकदा त्याच्या नावाबद्दल बाईंनी विचारलं. कामगार जिरे म्हणतात, मी यिरी म्हणते, खरं काय? त्यानं म्हणून दाखवलं. मधलं अक्षर 'र' आणि 'झ' दोन्ही एकाच वेळी उच्चारल्यासारखं होतं. बाईंनी ते पंधरा वेळा म्हणून पाहिलं आणि पंधरा वेळा यिर्झीनं मान हलवली. शिकवणारा म्हणून तो बाईंच्याच जातीचा निघाला. चुकलेलं गोड मानून घेत नसे. मग तो म्हणाला, त्यात लाजायचं काही नाही, आमच्याकडेही हे अक्षर बऱ्याच मुलांना येत नाही. मीसुद्धा लहानपणी वर्षभर ते शिकायला जात होतो. यासाठी आमच्याकडे खास बाई असते. ती तोंडात लाकडी पट्टी घालते, बोट घालते, जीभ उचलून दाखवते.

मी भाषांतर केलं. बाईंनी विचारलं, "कुणाच्या तोंडात?"

"ज्याला येत नाही त्याच्या."

"सगळ्यांच्या?"

"सगळ्यांच्या," यिर्झी म्हणाला.

"एकच बाई? सगळ्यांच्या तोंडात?"

यिर्झीनं माझ्याकडे पाहिलं. त्याला वाटलं, आपलं इंग्रजी चुकलं. मी सांगितलं, "चुकलं नाही. त्यांना पुन्हा ऐकायचं होतं."

त्याच महिन्यात बाईंनी साहेबांना खोलीचं सांगितलं. मराठीतून, मला मध्ये न घेता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि वहीत काही न लिहिता "देतो" म्हणाले. आणि दिली. कंपनीनं आमच्या शाळेला तळमजल्यावर एक खोली बांधून दिली, आतून बंद होणाऱ्या दारासकट. ज्या संस्थेकडे इतकी वर्षं जागा नव्हती, तिच्या अंगणात जागा निघाली. बाईंनी आरसे स्वतः निवडले, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावून घेतले. चाळीसेक पालकांनी पोरं पाठवायला होकार दिला. शिक्षक-खोलीत बाई त्या आठवड्यात कुणाच्याच तोंडाकडे पाहत नव्हत्या, खिडकीतून त्या दाराकडे पाहत होत्या.

उद्घाटन दणक्यात झालं. दादासाहेबांना कार्यक्रम साधा करता येत नाही. मांडव, बँड, स्वागतगीत, पाहुण्यांना फेटे. क्लाउस साहेबांचा फेटा दर दहा मिनिटांनी डोळ्यांवर उतरायचा आणि एक शिक्षक तो मागून वर करायला नेमला होता. सत्कारांना सव्वा तास गेला. सत्कार करणाऱ्यांचेही सत्कार झाले. बाईंना दुसऱ्या रांगेत खुर्ची होती.

मग यिर्झी बोलायला उभा राहिला. भाषण बाईंनी बसवून घेतलं होतं. "सकाळी शाळेच्या माळावर कोवळ्या उन्हात मुलं खेळतात. काही मुलं बोलायला घाबरतात. ही खोली त्यांची आहे." सगळे 'ळ' जागच्या जागी, 'ख'ला फुंकर पुरेपूर. मांडव उसळला. टाळ्या थांबेनात. म्हाताऱ्या बाया पदर तोंडाला लावून कौतुकानं हसत होत्या. आमच्या पोरांनी मराठी बोलल्यावर इतक्या टाळ्या कधी पडल्या नव्हत्या, पण तो भाग वेगळा.

दादासाहेबांना राहवेना. त्यांनी माइक घेतला. "वा, वा, जिरेसाहेब! आमच्या लोकांना सांगा तरी, हा 'ळ' जमवला कसा?"

हा प्रश्न भाषणात नव्हता. पण यिर्झीला उत्तर येत होतं, आणि आपल्या बाईंचं कौतुक करायची याहून चांगली वेळ नव्हती. "साळवे बाई बोटानं साखर लावतात," तो म्हणाला, स्वच्छ, एकेक अक्षर शेवटपर्यंत. मग आ करून बोट तोंडात घालून दाखवलं. "इथं. मग जीभ शोधते. फार सोपं. आता सगळी मुलं असंच शिकणार."

मांडव एकदम गप्प झाला असं नाही. कुठं तरी टाळ्या पडल्या, समोरची पोरं हसली. पण तिसऱ्या-चौथ्या रांगेतल्या बायांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ते पाहणं मागं मागं सरकत गेलेलं मला व्यासपीठावरून दिसलं. दादासाहेब मोठ्यानं हसले. "साहेब फार विनोदी आहेत!" बँडला खूण झाली. मी बाईंकडे पाहिलं. त्या यिर्झीच्या तोंडाकडेच पाहत होत्या.

सोमवारी शाळा सुटल्यावर खोलीत सात मुलं आली. सातही बौद्ध वस्तीतली.

फाटकाशी बाईंनी एका आईला गाठलं. तिची मुलगी अडखळत बोलायची आणि सगळ्यांत आधी तिनंच होकार दिला होता. "तसं काय न्हाई ओ बाई," ती म्हणाली. "पावने येनारेत. आन् तिला जरा सर्दी हाय."

"सर्दी गेल्यावर पाठवा."

"व्हय, पाठवू की." मुलगी आईच्या मागं उभी होती. तिला सर्दी नव्हती. बाईंना आवाजावरून सर्दी कळायची.

दुसऱ्या आठवड्यात संस्थेची बैठक झाली, बाईंना आणि मलाही बोलावलं होतं. जातीचा शब्द तासाभरात कुणीही उच्चारला नाही, हे मी मुद्दाम लक्ष ठेवून पाहिलं. शब्द होता 'हायजीन'. सचिवांनी तो चार वेळा वापरला. काळ बदललाय, आता पालक जागरूक आहेत, उद्या काही इन्फेक्शन झालं तर जबाबदार कोण. मी विरोध केला, जरा जास्तच. इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' असं आलं. बोट धुतलेलं असतं का, हे मात्र त्या जागरूक मंडळींपैकी एकानंही विचारलं नाही.

दादासाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांना भांडण नको होतं, एवढंच. त्यांनी बाईंना मधला मार्ग दाखवला. "बाई, एवढं लिहून द्या की तोंडात बोट-बिट लावणार नाही. मी स्वतः पालकांना सांगतो. वर्ग तुमचाच."

मी बाईंच्या कानाशी लागलो. "द्या ना लिहून. नाही तरी तुम्ही इथं साखर वापरणारच नव्हतात."

"नव्हतेच," त्या हळू म्हणाल्या. "पण ते आता सांगितलं, तर कमळच्या आजोबांचं बरोबर होतं असं होईल." आणि मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, "न धुतलेलं बोट लावणार नाही, असं लिहून देते. धुतलेलं लावणार नाही, असं देणार नाही."

दादासाहेबांनी चष्मा काढून पुसला. "म्हणजे ऐकायचंच नाही तुम्हाला."

"ऐकलं, साहेब. नीट ऐकलं."

इतक्या वर्षांचे अर्ज, ते आरसे, ते दार, सगळं त्या एका वाक्यावर गेलं. वर्ग सचिवांच्या सुनेकडे सोपवला. तिनं आधुनिक साधनं मागवली. हेडफोन आले, कॅसेटी आल्या. मुलांनी 'ळ' ऐकायचा आणि म्हणायचा. ज्यांना ऐकून येत नव्हतं म्हणून ती खोली बांधली होती, त्यांना पुन्हा ऐकवू लागले. त्या वर्षी चाळीस मुलं आली. पुढच्या वर्षी सूनबाई पुण्याला गेल्या आणि खोलीला कुलूप लागलं. दार बंद होणारी खोली बाईंनी मागितली होती, ती तशीच मिळाली.

यिर्झीनं कंपनीच्या वर्गात विचारलं. त्याला मराठी आता इतकी येत होती की माझी गरज नव्हती. "बाई, मुलं का येत नाहीत? मी चुकीचं बोललो?"

मी तोंड उघडलं. बाईंनी माझ्याकडे न बघता हात वर केला.

"नाही," त्या यिर्झीला म्हणाल्या. "तुमचा उच्चार अगदी बरोबर होता."

तो खूश झाला. शिकवण्यात बाई सहसा एवढं देत नसत.

मशिनं बसली, यिर्झीचं काम संपलं. निघायच्या आदल्या दिवशी तो शाळेत भेटायला आला. बाईंसाठी एक काचेचा पेला आणला होता, त्यांच्याकडच्या नक्षीचा. बाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला आणि सावकाश त्याचं नाव म्हणाल्या. महिनोन् महिने घरी घोकलेलं असावं. मला तर बिनचूक वाटलं. यिर्झीनं डोळे मिटून ऐकलं.

"जवळजवळ," तो म्हणाला. दोन्ही 'ळ' अस्सल होते.

त्यानंतर बाई पाच-सहा वर्षं शाळेत होत्या. शिकवत चांगल्याच, पण अर्ज थांबले. भाषणाच्या वेळी त्याही आमच्यासारख्या जमिनीकडे पाहू लागल्या. निरोपसमारंभात दादासाहेबांनी त्यांना 'वाचा-विकास कक्षाच्या जननी' म्हटलं. शाल घेऊन बाई खाली बसल्या आणि मला म्हणाल्या, "कवळी नवी केलीय. शीळ गेली."

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते दौंडला. मुलगा रेल्वेत लागला होता, त्याच्याकडे त्या राहायला गेल्या होत्या. एका लग्नाहून परतताना माझी गाडी दीड तास उशिरा होती, म्हणून रेल्वे क्वार्टरमध्ये जाऊन आलो. बाई थकल्या होत्या, पण घड्याळ अजून मनगटाच्या आतल्या बाजूलाच. यिर्झीच्या पेल्यात त्यांनी मला पाणी दिलं. चारेक वर्षांची नात पायांत घोटाळत होती. सगळे 'ळ' ती 'य' करायची. "आजी, बाय आलं," ती म्हणाली. शेजारच्या बाळाबद्दल होतं ते.

"पुढच्या वर्षी शाळा," बाई म्हणाल्या. "हसतील आता तिला."

मी फळीकडे पाहिलं; तिथं ती काजळाची डबी होती. बाईंनी माझी नजर पाहिली. उठल्या, मोरीत जाऊन साबणानं हात धुतले. बराच वेळ धुतले. मग डबी उघडली, तर्जनी साखरेत बुडवली आणि नातीला समोर उभं केलं. "आ कर."

पोरीनं मोठा आ केला. बाईंचं बोट तिच्या ओठांपाशी गेलं आणि तिथं थांबलं. आपलीच नात, आपलंच घर, हात नुकताच धुतलेला. दार उघडं होतं, त्याच्याकडे त्यांनी एकदा पाहिलं. बाहेर कुणी नव्हतं. बोट आत जाईना.

मग त्यांनी ते पदराला पुसलं आणि डबी पोरीच्या हातात दिली.

"तुझं तू लाव," त्या म्हणाल्या.

तिला कुठं लावायचं ते काय कळणार? तिनं बोट बुडवलं, जिभेवर ठेवलं आणि चाटून टाकलं. मग पुन्हा बुडवलं. माझी गाडी आल्याची घोषणा ऐकू आली तेव्हा डबी निम्मी झाली होती. बाई नातीच्या तोंडाकडे पाहत बसल्या होत्या.